केसभर उंच

४ फेब्रुवारी, मंगळवार

दातांच्या दवाखान्यातल्या छोट्या डॉक्टरने मागेच सांगितलंय, रोज लिहायचं. ब्रश जिभेवर किती मागे गेला आणि उमासा येईपर्यंत किती आकडे मोजले, एवढंच. एक वही करा म्हणाली. केली. पण माझ्या पोटात जे खदखदतंय ते आकड्यांत मावणार नाही, म्हणून ते आधी लिहून टाकते.

मी दात बनवते. बावीस वर्षं झाली. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांची मापं आमच्या लॅबमध्ये येतात, त्यांवरून मी कॅप बनवते, कवळ्या बनवते. आणि माझ्या स्वतःच्या तोंडात साधा चमचा जरा आडवा गेला तरी मला उमासे येतात. हसा. सगळेच हसतात.

वरची डावीकडची दाढ. तिच्या मागच्या दोन्ही मी घाबरून वेळेवर दाखवल्या नाहीत, म्हणून गेल्या. ही शेवटची. छोट्या डॉक्टरने चार बैठकांत, थांबत थांबत, तिचं रूट कॅनाल केलं. आता ती आतून पोकळ आहे. कॅप बसली नाही तर दीड-दोन महिन्यांत तडकणार. तडकली की काढायची. काढली की मागे आधाराला काही उरत नाही, स्क्रू बसवायला तिथे पुरेसं हाड नाही, मग उरते ती टाळूभर पसरलेली प्लेट, काढ-घाल करायची. तसल्या प्लेटा मी शेकड्यांनी केल्यात. उमासेवाल्या माणसाला ती एक मिनिट तोंडात ठेवता येत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. आमच्या सासूबाईंची झोपताना पेल्यात काढलेली असते. मी त्या पेल्याकडे पाठ करून पाणी पिते.

तर कॅपसाठी माप द्यायला काल दवाखान्यात गेले. छोटी डॉक्टर रजेवर. म्हणून दवाखान्याचा मालक, मोठा डॉक्टर, स्वतः आला. मी त्याला टेंभा म्हणते, कारण स्वतःचा टेंभा मिरवण्यापलीकडे त्याला काही सुचत नाही. त्याने मापाच्या लगद्याने ट्रे भरला, एक शब्द न बोलता माझ्या तोंडात कोंबला आणि फोन कानाला लावला. तो गार लगदा घशाकडे उतरायला लागला. मी हात हलवला, पाय झाडले. त्याने एका हाताने माझं कपाळ दाबून धरलं. मग व्हायचं ते झालं. त्याच्या पांढऱ्या बुटांवर झालं.

दार सताड उघडं. बाहेर नऊ माणसं बसलेली. "अहो बाई, बालवाडीतली पोरं बसतात या खुर्चीत! आणि तुम्ही म्हणे दात बनवता! नाटकं बंद करा." बाहेरचे खो खो हसले.

हनुवटीला लगदा वाळलेला, तशी रस्त्याने चालत घरी आले. माझा बापही मला कधी असं चारचौघांत बोलला नव्हता. त्या माणसाला मी सोडणार नाही.

ब्रश: पुढच्या दातांच्या जरा मागे. मोजले: तीन.

५ फेब्रुवारी, बुधवार

लॅबमध्ये सगळ्यांना कळलंय. टेंभ्याने स्वतः आमच्या लॅबच्या मालकांना फोन करून सांगितलं, वर बूट धुवायला तुमच्याकडे पाठवू का म्हणाला. मी शिरले तर शेजारच्या टेबलावरून "ऑ ऑ" असा आवाज आला. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. हातातली कॅप मात्र इतकी घासली की वाया गेली.

संध्याकाळी न्हाणीघरात ब्रश घेऊन बसले. बाहेरून सासूबाई, "काय गं, या वयात काय नवीन बातमी देतेस?" आणि आमचे हे, लाज सोडून हसतायत.

मोजले: चार.

८ फेब्रुवारी, शनिवार

छोट्या डॉक्टरचा फोन. तिला फार वाईट वाटलंय. ती बिचारी त्याच्याकडे नोकरीला, ती काय करणार? तिने युक्त्या सांगितल्या. श्वास फक्त नाकातून. जिभेच्या टोकावर मिठाचे चार दाणे. आणि उमासा येतोय असं वाटलं की एक पाय उचलून हवेत धरायचा, सगळं लक्ष त्या पायात. घाई करायची नाही, ब्रश रोज भाताच्या शितापेक्षा जास्त मागे न्यायचा नाही.

मी तिला विचारलं, सुडाचा उपयोग होतो का? ती म्हणाली, म्हणजे? मी म्हटलं, काही नाही.

होतो. ब्रश आत जाताना मी टेंभ्याचं तोंड डोळ्यांसमोर आणते. त्याच्याच खुर्चीत बसून, त्याच्याच समोर, अख्खं माप देईन. हूं की चूं करणार नाही. आणि उठताना एक वाक्य बोलेन, तेही दार उघडं ठेवून. वाक्य अजून ठरत नाहीये. "बघितलंत का, नाटकं?" हे जरा लेचंपेचं वाटतं. "बूट जपा डॉक्टर" हे बरं आहे.

मोजले: नऊ. उजवा पाय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज एक भारी गोष्ट सुचली.

टेंभ्याकडून एक्केचाळीस नंबरचं माप आलं. आमच्याकडे नावं येत नाहीत, नुसते नंबर. कॅप झाली. दोन्ही जबडे मिटवून बघितले, समोरच्या दाताला अलगद टेकते, झकास. मग मी तिच्यावर पोर्सिलेनचा एक पातळ थर आणखी चढवला. केसभर उंच. डोळ्यांना दिसणार नाही. पण तोंडात गेली की अख्खा जबडा त्या एका दातावर आपटणार.

व्यवस्थित कॅप बसवायला डॉक्टरला पाच मिनिटं लागतात. उंच कॅपला निळा कागद चावायला द्यायचा, कुठे डाग पडतो बघायचं, घासायचं, परत कागद, परत घासायचं. अर्धा तास जातो. टेंभा दर वीस मिनिटांना एक माणूस बोलावतो. बाहेर गर्दी तुंबणार, लोक वैतागणार, त्याच्या नाकी नऊ येणार. आणि हे का होतंय ते त्याला कळणारही नाही!

बावीस वर्षांत माझ्या हातून एक कॅप उंच गेलेली नाही. मुद्दाम उंच ठेवायलासुद्धा कसब लागतं.

मोजले: चौदा. आज तर गुणगुणत मोजले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

टेंभ्याचं चव्वेचाळीस नंबर. माप हातात घेतलं तेव्हाच कळलं, ही आपल्यातलीच. मागची कड ओढली गेलेली, जिभेने ट्रे ढकलल्याची खूण, मध्ये श्वासाचा बुडबुडा. बाई असावी, जबडा नाजूक आहे. वरचा सुळा शेजारच्या दातावर चढलेला. आणि दाढ माझीच, वरची डावीकडची. तिच्या मागे काही नाही.

हात जरा थांबला. पण तो टेंभा हिलाही "नाटकं" म्हणालाच असणार, हे आठवलं आणि डोकं फिरलं. हिच्या वाटचाही सूड मीच घेते. थर चढवला.

मोजले: एकवीस.

२२ फेब्रुवारी, शनिवार

स्वतःच स्वतःचं माप घ्यायचं ठरवलं. मी या धंद्यातली, मला टेंभ्याची गरज काय? लॅबमधून लगद्याची पावडर आणली. गरम पाण्यात कालवली म्हणजे लवकर घट्ट होते, तोंडात कमी वेळ ठेवावी लागेल. केवढं डोकं चालवलं मी! इतकी लवकर घट्ट झाली की पळीसकट वाटीतच. सासूबाई म्हणाल्या, "वाटीचं माप छान आलंय."

दुसऱ्यांदा गार पाण्यात. ट्रे आत गेला, तीसपर्यंत मोजलं, मग पातळ लगदा मागे ओघळला. मी ट्रे ओढते तर टाळूला घट्ट धरून बसलेला. डोळे पांढरे व्हायची वेळ आली. शेवटी सासूबाईंनी पदर खोचून दोन्ही हातांनी खेचला. माप फाटलं. मी फरशीवर बसून ढसाढसा रडले. सासूबाई पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मग त्यांना कॅपांचं सांगितलं. कुणाला तरी सांगायचंच होतं. त्या म्हणाल्या, "माझी कवळी पहिल्या आठवड्यात उंच होती, आठवतं का तुला? मी कानाला हात लावून रडायचे."

"तुमची वेगळी गोष्ट. इथे त्या डॉक्टरची जिरतेय ना!"

"पण कॅप कुणाच्या तोंडात आहे?"

म्हातारीला धंद्यातलं कळत नाही.

१ मार्च, शनिवार

मापं आणायला-न्यायला जाणारे काका बातमी घेऊन आले. टेंभ्याचा दवाखाना दुपारी दोनपर्यंत तुंबलेला असतो, बाहेर लोक घड्याळं बघतायत, तो सारखा खेकसतोय. माझ्या मनात लाडू फुटले. काकांनी असंही सांगितलं की एक बाई गाल धरून रडत बाहेर पडली, दुखतंय म्हणत होती तर हा म्हणाला, सवय होईल. बघा, असा माणूस आहे तो. त्याला धडा शिकवायलाच हवा होता.

आतापर्यंत सहा झाल्या. एक्केचाळीस, चव्वेचाळीस, सत्तेचाळीस, पन्नास, त्रेपन्न, अठ्ठावन्न.

ब्रश: शेवटच्या दाढेपर्यंत. मोजले: साठ. अख्खं मिनिट! मिठाशिवाय.

५ मार्च, बुधवार

सत्तेचाळीस परत आली. उंच आहे, अशी चिठ्ठी. मी बोटभर घासल्याचं दाखवलं, केसभरसुद्धा घासलं नाही, परत पाठवली. मालक माझ्याकडे बघत होते. बघू देत.

माझी दाढ चावताना कर्र करते. वेळ कमी उरलाय.

मोजले: नव्वद. वाक्य ठरलं: "डॉक्टर, बालवाडीत आता मला घ्याल का?" यावर लोक नक्की हसतील, आणि या वेळी त्याला हसतील.

११ मार्च, मंगळवार

आज सगळं लिहिते.

सकाळी मालक म्हणाले, "सत्तेचाळीस तिसऱ्यांदा बोंबलतेय. पेशंट खुर्चीत आहे. तू जा, समोर बघ काय भानगड आहे ती." मी आनंदाने निघाले. खोटं कशाला लिहू? घामाघूम झालेला टेंभा मला डोळ्यांनी बघायचा होता. घासायचं छोटं मशीन पिशवीत घातलं आणि वाटेत ते वाक्य दोनदा म्हणून बघितलं.

दवाखान्यात सातजण बसलेले. आतलं दार उघडं. खुर्चीत एक धिप्पाड माणूस, बस-ड्रायव्हरच्या गणवेशात, टोपी मांडीवर. एवढे मोठे हात, पण खुर्चीचा दांडा असा धरलेला की बोटांची पेरं पांढरी पडली होती. छोटी डॉक्टर पाणी ओढायची नळी धरून उभी. आणि टेंभ्याच्या कपाळावर घामाचा एक थेंब नाही. तो आरामात शीळ घालत घासत होता.

"चावा. उघडा. चावा." कागद, मशीन, पाणी. पाणी मागे साठत गेलं तसा ड्रायव्हरने हात वर केला, त्याला जोरात उमासा आला, तो खुर्चीतून अर्धा उठला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. "डॉक्टर," तो म्हणाला, "अजून उंच लागतंय हो."

"तीन वेळा घासली. आता उंच ती तुमच्या डोक्यात आहे." मग दाराकडे जरा वळून, "अहो ड्रायव्हरसाहेब, बालवाडीतली पोरं बसतात या खुर्चीत!"

तेच वाक्य, तसंच दाराकडे वळून म्हटलेलं. शेवटी हसायला तेवढीच जागा सोडलेली. बाहेरचे हसले. पाच आठवडे मी समजत होते की ते वाक्य माझ्यासाठी होतं. तो ते रोज म्हणतो. ड्रायव्हरने बाहीने डोळे पुसले आणि बाहेरच्यांकडे बघायचं टाळून छताकडे बघत राहिला. मीही त्या दिवशी छताकडेच बघत होते.

"उंच आहे," मी म्हटलं.

टेंभा वळला. "काय?"

"कॅप उंच आहे. मी उंच ठेवली. मुद्दाम. ही एकच नाही, तुमच्या सहा."

बाहेरच्यांनी माना दाराकडे वळवल्या.

"तुम्ही कोण?" टेंभा म्हणाला.

मला वाटलं मुद्दाम विचारतोय. तसं नव्हतं. त्याला खरंच आठवत नव्हतं. "मी लॅबमधली. तीन फेब्रुवारीला तुमच्या खुर्चीत उलटी झाली होती ती."

"कोण?"

"तुमच्या बुटांवर."

"अच्छा! ते बूट!" आणि हा माणूस हसला. मग त्याला बाकीचं कळलं, आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला. कोर्टात खेचतो, तुमची लॅब बंद पाडतो, काय काय बोलला. मी म्हटलं, "खेचा. पण त्यांनी सांगितलं ना तुम्हाला, उंच लागतंय? आणि तुम्ही काय म्हणालात, डोक्यात आहे? मी लबाडी केली डॉक्टर, पण एकदा नीट ऐकलं असतंत तर पहिल्याच दिवशी पकडली असतीत. तेही सांगा कोर्टात."

ठरवलेलं वाक्य डोक्यातून कधीच उडालं होतं. हे त्याला लागलं, मला दिसलं लागलेलं. हवी होती तेवढी मजा नाही आली.

छोट्या डॉक्टरने कॅप काढून माझ्या हातात दिली. मी मागच्या उंचवट्याला, आतल्या बाजूने, दोनदा मशीन फिरवलं. शोधायची गरजच नव्हती, मीच ठेवलं होतं ते. मग ड्रायव्हरच्या बाजूला उकिडवी बसले. "उजवा पाय उचला. नाकातून श्वास. माझ्याबरोबर मोजा, मनात." त्याने तो एवढा थोरला बूट हवेत धरला. बत्तीसला कॅप बसली. कागद चावला, तोंड मिटलं, इकडून तिकडे जबडा हलवून बघितला.

"लागत नाही," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "मुद्दाम म्हणालात का तुम्ही?"

"तुमच्यावर राग नव्हता, दादा. तो डॉक्टरवर होता."

"पण तोंड माझं होतं, ताई." चिडून नाही म्हणाला. नुसतं सांगितलं. तीन आठवडे तो माणूस उघड्या दाढेवर नुसतं पातळ पिऊन गाडी चालवत होता.

आज ब्रश नाही. जेवलेही नाही.

१२ मार्च, बुधवार

मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुझ्या हातची कॅप मी कधी तपासून बघितली नाही." टेंभ्याने आपलं सगळं काम दुसरीकडे नेलं. मी आजपासून कॅपला हात लावायचा नाही, कवळ्यांच्या टेबलावर बसायचं. शेजारच्या टेबलावरून आज ऑ ऑ आलं नाही. कोणी बोललंच नाही माझ्याशी.

छोट्या डॉक्टरला सहाही कॅपांचे नंबर दिले. संध्याकाळी ती दुसऱ्या एका दवाखान्यात बसते, तिथे बोलावून घेते म्हणाली. मी समोर हजर राहणार. तीही म्हणाली, "राहायलाच हवं तुम्ही."

१५ मार्च, शनिवार

चौघे आले. चौघांना तोंडाने सांगितलं, मी केलं. एक आजोबा मला इतकं बोलले की छोटी डॉक्टर मध्ये पडायला आली. मी तिला थांबवलं. बोलू दे त्यांना. त्रेपन्न नंबरची मुलगी म्हणाली, "मला वाटलं कॅप म्हणजे असंच असतं. मी एका बाजूने जेवायला शिकले होते." चौघांचंही बरोबर करून दिलं. ड्रायव्हर धरून पाच झाले.

चव्वेचाळीस फोन उचलत नाही.

मोजले: एकशे दहा. आता टेंभ्याचं तोंड आणायला जाते तर ड्रायव्हरचं येतं. तरी मोजले गेले.

१८ मार्च, मंगळवार

दिलं! माप दिलं!

छोट्या डॉक्टरच्या संध्याकाळच्या दवाखान्यात. ट्रे मी स्वतः मागून कापून आखूड करून नेला होता. दार बंद. ती म्हणाली, हात वर केलात की त्याच क्षणी काढते. एवढं ऐकूनच निम्मी भीती गेली. लगदा आला, गार, गिळगिळीत, मागे सरकला. पाय उचलला. चाळीसला उमासा आला, गेला. सत्तरला परत आला, तोही गेला. डोळ्यांतून धारा. एकशे साठला तिने "झालं" म्हटलं आणि ट्रे बाहेर. मागची कड स्वच्छ, माझी पोकळ दाढ सगळ्या कंगोऱ्यांसकट त्यात.

माझी दाढ वाचली. मला प्लेट लागणार नाही. मला कधीच प्लेट लागणार नाही! टेंभा तिथे असायला हवा होता, असं वाटलंच. खोटं कशाला लिहू? घरी येऊन सासूबाईंना मिठी मारली. यांनी तर शेजाऱ्यांना सांगितलं, जसं काही मी परीक्षेत पहिली आले.

२० मार्च, गुरुवार

दुपारी छोट्या डॉक्टरकडून कवळीचं माप आलं. टाळूची प्लेट, वरची डावी बाजू. मागची कड ओढलेली, मध्ये बुडबुडा. साचा ओतला, सुकला, उलटा केला. वरचा सुळा शेजारच्या दातावर चढलेला.

नंबर नवा होता. तोंड ओळखलं मी. मी केलेली कॅप जिथे होती तिथे आता नुसती हिरडी. बरी होत आलेली, गुळगुळीत.

फोन केला. छोट्या डॉक्टरने सांगितलं, तिचे फोन बघून त्या बाई शेवटी संध्याकाळच्या दवाखान्यात आल्या होत्या. त्या बाईंनी आठ दिवस दुखणं काढलं. दोनदा टेंभ्याकडे गेल्या, दोन्ही वेळा तेच वाक्य ऐकून परत आल्या. तिसऱ्यांदा जायची हिंमत झाली नाही. कुठल्या तरी भलत्याच ठिकाणी जाऊन म्हणाल्या, काढून टाका एकदाची. तिथल्या डॉक्टरने काढली.

मी साचा टेबलावर ठेवला आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले. मालक येऊन बघून गेले.

२५ मार्च, मंगळवार

माझी कॅप बसली. मालकांनी स्वतः केली. निळा कागद एकदाच चावला.

चव्वेचाळीसची प्लेट पाचव्यांदा बदलली. मागून इतकी कापलीये की आणखी कापली तर ती टाळूला धरणारच नाही. याहून बारीक मला येत नाही.

२७ मार्च, गुरुवार

बाई आल्या. कपड्यांच्या दुकानात काउंटरवर असतात, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. छोट्या डॉक्टरने प्लेट लावली आणि त्यांनी लगेच दोन्ही हातांनी काढून फेकली. वाटीत उमासे, डोळे लाल. "मला नाही जमणार. दुकानात दिवसभर बोलावं लागतं मला." मी शेजारी बसले. ब्रशचं सांगितलं, श्वासाचं, पायाचं, मिठाच्या दाण्यांचं. प्लेट पहिल्या दिवशी फक्त हातात धरायची, मग ओठांशी न्यायची, मग तीन मोजेपर्यंत आत. त्या सगळं लक्ष देऊन ऐकत होत्या. चौथ्या खेपेला बारा मोजेपर्यंत राहिली. त्यांनी माझा हात धरला. "तुम्ही किती समजून सांगता हो. तुम्हालाही व्हायचं का असं?"

मी सगळं सांगितलं. पहिल्यापासून. थर चढवताना हात थांबला होता, हेही सांगितलं.

त्यांनी हात सोडला. मला वाटलं थोबाडीत मारतील, मारावी असंच वाटत होतं.

"तुमची दाढ कुठली?" त्यांनी विचारलं.

"हीच. वरची डावी."

"वाचली?"

"हो."

"दाखवा."

मी तोंड उघडलं. त्या वाकल्या, नीट बघितलं. एवढा वेळ तोंड उघडं, पण उमासा आला नाही.

"मी तक्रार करणार नाही," त्या म्हणाल्या. "मला तेवढा वेळ नाही. पण आजपासून तुम्ही त्याच बाजूने जेवायचं. दुसऱ्या बाजूला घास न्यायचा नाही. रोज, दोन्ही वेळा. आणि चावताना मी आठवले पाहिजे." प्लेट रुमालात गुंडाळली, पर्समध्ये टाकली आणि निघून गेल्या.

संध्याकाळी जेवायला बसले. डाव्या बाजूने चावलं. कॅप इतकी बरोबर बसलीये की ती आहे हेही कळत नाही. सासूबाई म्हणाल्या, "रडतेस कशाला? दुखतंय का?"

मी म्हटलं, "नाही. जराही नाही."